नकाशावरचं चिब्वे

"हा नकाशा नव्हे सूनबाई, लग्नपत्रिका आहे ही," असं म्हणून मामंजींनी तो रंगीत कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "कडेला हत्ती, कोपऱ्यात जिराफ, वर सूर्य. रस्त्याला जागा ठेवलीय कुठं?"

नकाशा पेट्रोल पंपावर फुकट मिळालेला होता. माझ्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा मामंजींनी त्यावरच्या लाल रस्त्यावर वळणावळणानं लावला होता, मग ताणून खालच्या मोजपट्टीवर धरला होता. आमच्या गावापासून नदीच्या पुलापर्यंतचं अंतर गाडीच्या काट्यावर एकतीस मैल भरायचं. दोऱ्यावर ते बावीस भरलं.

"नऊ मैल खाल्ले यांनी," मामंजी म्हणाले.

"आबा, याच नकाशावर मी पाच वर्षं गाडी चालवतोय," माझा नवरा मधुकर न्हाणीच्या दारातून बोलला. तोंडाला दाढीचा साबण तसाच होता.

"म्हणूनच पोरगी रस्त्यावर झाली."

यावर मधुकर पुन्हा न्हाणीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

हे सगळं एकोणीसशे शहात्तर सालचं. उत्तर झांबियातल्या चिसाले नावाच्या लहानशा गावात मधुकर सरकारी शाळेवर गणित शिकवायचा. करार संपला होता, ट्रंका बांधून झाल्या होत्या. बुधवारी पहाटे राजधानीला निघायचं, शुक्रवारी विमान, आणि मग पुन्हा त्या देशात पाऊल पडण्याची काही शक्यता नाही. मध्ये मंगळवार तेवढा उरला होता. त्या एका दिवसात मला बानाचोला नावाच्या बाईला शोधून काढायचं होतं.

तिच्याशी माझी ओळख फक्त अर्ध्या दिवसाची. रेवतीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मधुकर मला गाडीत घालून मिशनच्या दवाखान्याकडे निघाला होता. हत्ती-जिराफांच्या नकाशात एक जवळचा रस्ता दाखवला होता. तो घेतला. बारा मैलांवर तो रस्ता एका वाहून गेलेल्या मोरीपाशी संपला. मधुकर मदत शोधायला पायी गेला आणि तीन तासांनी एक ट्रॅक्टर घेऊन उगवला. तोवर शेतातून घरी निघालेल्या एका बाईनं मला गाडीतून उतरवलं होतं, राखणीच्या खोपटात नेलं होतं आणि रेवती माझ्या छातीशी होती. त्या बाईला सगळे बानाचोला म्हणत, म्हणजे चोलाची आई. ती तिथं बहिणीकडे आली होती, तिचं गाव चिब्वे. निघताना ती मला म्हणाली होती, "पोरगी स्वतःच्या पायांनी चालायला लागली की मला दाखवायला आण." मी हो म्हटलं होतं.

पोरगी चालायला लागून आठ-नऊ महिने झाले होते. आधी पावसानं रस्ते बंद, मग पेट्रोलची टंचाई, मग मधुकरच्या परीक्षा. खरं सांगायचं तर आज जाऊ, उद्या जाऊ यातच गेले ते महिने. माझ्या जिवाला मात्र ते लागून राहिलं होतं. शब्द न पाळता हा देश सोडला तर रेवतीच्या प्रत्येक वाढदिवसाला मला ते टोचत राहील, हे मला कळत होतं.

मामंजी सहा आठवड्यांपूर्वी आले होते. नातीचं तोंड बघायचं आणि आमच्याबरोबरच परत जायचं, असं ठरलेलं. चौतीस वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यात जमिनी मोजल्या. मोजणीदार नलवडे म्हटलं की भाऊबंद भांडण थांबवून उभे राहायचे म्हणे. विमानतळावर मधुकर त्यांना घ्यायला गेला, तर नातीची चौकशी करायच्या आधी त्यांनी विचारलं, "इथलं नकाशांचं सरकारी ऑफिस कुठं आहे?" पहिला दिवस त्यांनी तिथल्या काउंटरवर काढला. तिथल्या कारकुनाशी त्यांचं असं काही जुळलं, की त्यानं यांना चहा पाजला आणि आतल्या खोलीतली कपाटं उघडून दाखवली. येताना मामंजींनी गुंडाळी करून एक शीट आणली. शेजारच्या शाळेतले लोक धबधबा बघून येतात, हत्ती बघून येतात. आमच्या मामंजींनी आफ्रिकेत कपाटं बघितली, असं मधुकर सगळ्यांना सांगत फिरला.

आता तीच शीट त्यांनी टेबलावर पसरली. रंग दोनच, काळा आणि निळा. पण प्रत्येक ओढा, टेकडी, पायवाट, शाळा, सगळं त्यावर होतं.

"विमानातून फोटो काढून केलंय," मामंजी म्हणाले. त्यांचं बोट सरकत सरकत एका बारीक काळ्या ठिपक्यांच्या पुंजक्यावर थांबलं. "हे चिब्वे. शेचाळीस मैल."

मी वाकून बघितलं. खरंच लिहिलं होतं, चिब्वे.

"मामंजी, वाटेत बाजार लागेल, तिथं एकदा विचारून घेऊ या का?"

"सूनबाई, मोजणीचा पहिला नियम काय? लोकांना विचारायचं नाही. बांध कुठं म्हणून ज्याला विचारशील, तो एक हात आपल्याकडं ओढूनच सांगतो. कागद कुणाकडं ओढत नाही."

मधुकर तोंड पुसत बाहेर आला. "आज संध्याकाळी सहाला गाडी हेडमास्तरांच्या दारात लागली पाहिजे. त्यांना उद्या लागणार आहे. दोन वाजता, असू तिथून परत फिरायचं. आधी सांगतोय."

"दोन वाजता आपण तिथं जेवून पान खात असू," मामंजी म्हणाले.

साडेसातला आम्ही निघालो. मधुकर चालवायला, शेजारी मामंजी, मागे मी आणि रेवती. मामंजींनी शीटची घडी एका प्लायवूडच्या तुकड्यावर टाचण्यांनी ठोकून मांडीवर घेतली होती. हातात होकायंत्र. पांढरा सदरा, डोक्याला टोपी. चिसालेच्या बाजारातल्या बायका वाकून वाकून बघत होत्या. कुणी मोठा साहेब तपासणीला निघाला असावा, असं त्यांना वाटलं असणार आणि मामंजींनी तो समज दूर करायचा काही प्रयत्न केला नाही.

पहिले दोन तास त्यांचे होते, कबूल करायलाच हवं.

"आता डावीकडून ओढा येईल," ते म्हणायचे आणि ओढा यायचा.

"पुढं चढ. चढ संपल्यावर उजव्या हाताला शाळा." चढ संपायचा आणि उजव्या हाताला शाळा हजर असायची. पोरं धावत बाहेर यायची. मामंजी खिडकीतून हात करायचे, जणू शाळा त्यांनीच तिथं आणून ठेवली होती.

"आबा, हे जमतं हां तुम्हाला," मधुकर एका ठिकाणी मनापासून म्हणाला.

"मला नाही, कागदाला. तुझ्या हत्तीला विचार हा ओढा."

एका फाट्यावर बायका रताळी घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, जरा थांबू या, रताळी घेऊ आणि सहज विचारू. मामंजींनी मागे न बघताच म्हटलं, "रताळी घे. विचारू नको." मी रताळी घेतली. त्यातली एक म्हातारी गाडीपाशी येऊन बरंच काही सांगू लागली, हात लांब करून, मान हलवून. मला बेंबा भाषा बाजारापुरती यायची, तिचं बोलणं भरभर होतं. मधुकरला चांगली यायची, पण तो टायर बघत होता. मामंजींनी म्हातारीला नमस्कार केला आणि मधुकरला चल म्हटलं.

पावणेअकराला मामंजींनी हात वर केला. "थांब. आलं."

मधुकरनं गाडी थांबवली. आम्ही खाली उतरलो.

समोर आंब्याची आठ-दहा मोठी झाडं होती. झाडांखाली दाट सावली होती आणि पुरुषभर वाढलेलं, वाळलेलं गवत. एवढंच होतं. एक घर नाही, एक कोंबडी नाही, धुराची रेघसुद्धा नाही. रेवती तेवढी खूश झाली आणि गवतात बसली.

"गाव कुठंय?" मी विचारलं.

मामंजींनी होकायंत्र बघितलं. शीट फिरवली. मागच्या टेकडीकडे बघितलं, पुढच्या ओढ्याकडे बघितलं. मग दोन्हीकडे पावलं मोजत चालून आले. "हेच चिब्वे."

"हो, पण गाव?"

"इथंच आहे."

"आबा," मधुकर बॉनेटला टेकून म्हणाला, त्याला फार दिवसांनी अशी संधी मिळाली होती, "दोरा लावून बघता का?"

एरवी मामंजींनी याला सोडलं नसतं. आज ते सरळ वळले. गवत बाजूला सारत आत गेले. मीही मागोमाग गेले. आत जमिनीला जागोजागी गोल उंचवटे होते, घरांच्या भिंती पावसानं विरघळून खाली बसाव्यात तसे. एका ठिकाणी दळायचा दगड होता, मधोमध घासून खोलगट झालेला. मामंजी त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि त्या खळग्यावरून त्यांनी बोटं फिरवली.

"नकाशा बरोबर आहे, सूनबाई," ते म्हणाले. "तंतोतंत बरोबर आहे."

त्यांचा आवाज मला ओळखू येईना. चूक सापडली म्हणून माणूस ओशाळतो, तसा तो नव्हता. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

मी मात्र रडकुंडीला आले होते. बाहेर येऊन मधुकरला म्हटलं, "आता?"

"आता काय? परत जाताना त्या रताळ्यावालीला विचारू आणि तिनं सांगितलं ते जवळ असेल तर बघू. नाहीतर हेडमास्तरांकडे निरोप ठेवू बानाचोलासाठी. शैलजा, आपण प्रयत्न केला ना?"

"निरोप ठेवीन असा शब्द दिला होता का मी? ती म्हणाली होती, दाखवायला आण."

आम्ही दोघं आवाज चढवायच्या बेतात होतो, तेवढ्यात रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. सुक्या मासळीच्या दोन टोपल्या मागे बांधून एक माणूस चालला होता. मी हाक मारणार, तोच आमच्या मागून मामंजी झपाझप आले, टोपी हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

सायकलवाला बिचारा घाबरून उतरलाच.

"चिब्वे?" मामंजींनी विचारलं. मग जमिनीकडे बोट करून, "चिब्वे?" आणि दोन्ही हात उपडे करून, "कुठं?"

मधुकर माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. चौतीस वर्षांचा नियम मामंजींनी भर रस्त्यात मोडला होता, तोही मराठीत.

सायकलवाला हसला. मधुकरनं त्याच्याशी बोलून आम्हाला सांगितलं ते असं. हे जुनं चिब्वे. इथली जमीन थकली तेव्हा गाव उठून ओढ्यापलीकडे गेलं. तिथली थकली तेव्हा आणखी पुढे. मुखियाच्या नावावरून गावाचं नाव, मुखिया जाईल तिथं गाव. आंबे तेवढे मागे राहतात. इकडे सगळी गावं अशीच असतात, यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्या माणसाला वाटत होतं.

"गाव चालतं?" मामंजींनी विचारलं.

"चालतं म्हणे."

"मग पत्ता कसा सांगतात?"

मधुकरनं विचारलं. सायकलवाल्यानं खांदे उडवले. "विचारायचं. सगळ्यांना ठाऊक असतं."

मामंजींनी प्लायवूडचा तुकडा मागच्या सीटवर ठेवला. उपडा.

पुढचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. जो माणूस सकाळी मला एका म्हातारीशी बोलू देत नव्हता, त्यानं आता कुणालाच सोडलं नाही. लाकडं नेणाऱ्या दोन मुलींना विचारलं. सावलीत झोपलेल्या एका गृहस्थाला उठवून विचारलं. पाणवठ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं. एकानं सांगितलं, वीज पडलेल्या झाडापासून वळा. दुसरी म्हणाली, मोठ्या वारुळापासून. मामंजी प्रत्येकाचं ऐकून मान डोलवायचे आणि गाडी शंभर पावलं गेली की पुन्हा थांबवायचे.

"आबा, आत्ताच तर विचारलं," मधुकर म्हणायचा.

"पुन्हा विचारायला काय जातंय? तो चुकला असेल."

"एक वाजलाय."

"घड्याळ बघू नको, माणूस बघ. तो बघ बकऱ्यावाला."

दोन वाजले तेव्हा रस्ताही संपला होता, नुसती सायकलची वाट होती. मधुकरनं गाडी थांबवून इंजिन बंद केलं. "बस. ठरल्याप्रमाणे."

मामंजी त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "मधू, मी तुझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. आज मागतो. आणखी अर्धा तास."

मधुकरनं वडिलांकडे नीट बघितलं. मग गाडी सुरू केली. हेडमास्तरांना काय सांगायचं ते त्यानं मनात ठरवलं असावं, कारण पुढे पोचेपर्यंत त्याचे ओठ हलत होते.

वीस मिनिटांत नवं चिब्वे आलं. पंधरा-वीस घरं, ताज्या सारवणाची. पोरांनी गाडीला वेढा घातला. बानाचोला उखळाशी उभी राहून कसावा कुटत होती. ती मला लगेच दिसली, पण तिनं मला ओळखलं नाही. इतक्या बायकांची बाळंतपणं केलेली ती, का ओळखावं? मी बाजारातल्या बेंबात काहीतरी सांगू लागले, तेवढ्यात तिनं मुसळ बाजूला ठेवलं, रेवतीला माझ्याकडून घेतलं, फ्रॉक वर केला आणि तिची बेंबी बघितली.

"ही गाठ माझी आहे," ती म्हणाली.

मग ती हसायलाच लागली. मधुकरकडे बघून तिनं गावाला मोठ्यानं काहीतरी सांगितलं आणि सगळ्या बायका तोंडावर हात घेऊन खिदळल्या. मधुकर लाल झाला.

"काय म्हणाली?" मामंजींनी विचारलं.

"म्हणाली, हा नवरा. हा बरोबर सगळं संपल्यावर येतो."

पुढे रेवतीनं चालून दाखवायचं होतं, त्यासाठीच तर एवढा आटापिटा. बानाचोलानं तिला सहा पावलांवर उभी केली आणि हात पसरले. रेवती खाली बसली. सारं गाव तिला चुचकारायला लागलं, मी मागून ढकलायला लागले, कार्टी ढिम्म. शेवटी एक कोंबडी समोरून गेली, तशी ती उठली आणि तिच्या मागे तुरुतुरु अख्ख्या अंगणात धावून आली. बानाचोलानं टाळ्या वाजवल्या. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच धुळीत बसकण मारली.

या गडबडीत मामंजी गाडीकडे गेले होते, ते आमच्या लक्षात आलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ते आपल्याबरोबर आहे याचा मला पत्ताच नव्हता. त्यांनी बानाचोलाच्या समोर जमिनीवर बैठक मारली आणि फडकं सोडलं. आत हिरवंगार इरकली लुगडं होतं. घड्यांवर रंग थोडा उतरलेला.

"मधू, सांग तिला. हे एकतीस वर्षांपूर्वी घेतलंय. नेसलेलं नाही कुणी."

मधुकरनं सांगितलं. बानाचोलानं विचारलं, कशासाठी घेतलं होतं?

"बारशाला."

कुणाच्या, असं तिनं विचारलं.

"तुझ्या," मामंजी मधुकरकडे बघून म्हणाले.

मधुकरनं तेही सांगितलं.

"सांग, मी तेव्हा पाटणच्या डोंगरात मोजणीवर होतो. निघताना घरी चिठ्ठी ठेवली होती, मुक्काम कुठं ते लिहून. गावाचं नाव, आणि सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी, हिस्सा तीन. मला वाटलं, याच्याहून पक्का पत्ता काय असतो?"

मधुकर सांगत होता. मामंजी वाक्य वाक्य तोडून बोलत होते, त्याला वेळ देत.

"मागं तुझी आई अडली. साताऱ्याला दवाखान्यात न्यायचं, तर माझ्याविना न्यायला कुणी धजेना. तुझा मामा चिठ्ठी घेऊन धावत आला. बारा वाड्यांचं गाव ते, एक वाडी दुसरीपासून कोसभर. दोन दिवस तो विचारत फिरला, सत्त्याऐंशी नंबर कुठं, सत्त्याऐंशी नंबर कुठं. रानाचा नंबर तिथं कुणाला ठाऊक? लोक त्याला म्हसोबाचा माळ म्हणायचे. मी तेवढं लिहिलं असतं, तर शेंबड्या पोरानं त्याला माझ्यापुढं आणून उभा केला असता."

मधुकर बोलायचा थांबला होता. 'दोन दिवस' एवढं बेंबात म्हणून त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. आई तापानं गेली, तू महिन्याचा होतास, असं त्याला सांगितलेलं होतं आणि आम्ही सगळे तेच धरून होतो. तो आमच्याकडे पाठ करून गाडीपर्यंत गेला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

मामंजींनी त्याच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "सूनबाई, तू सांग."

मला कुठली एवढी बेंबा येतेय? मिरच्या केवढ्याला आणि मासा ताजा आहे का, एवढी माझी मजल. मी त्याच शब्दांवर भागवलं. कागद, म्हटलं. कागदावर आकडा. माणूस आकडा विचारतो, लोकांना आकडा माहीत नाही. दोन दिवस. मी दोन बोटं वर केली. बानाचोला माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला शब्द सापडला नाही की मान हलवून पुढे जा म्हणत होती.

"तिसऱ्या दिवशी मधू झाला," मामंजी म्हणाले. "चौथ्या दिवशी मी पोचलो. सगळं आटोपलं होतं. आणि सांग, पोरगी झाल्याचं तुझं पत्र आलं, त्यात हिचं गाव होतं. तेव्हाच ठरवलं. नात बघायला आलो, ते खरंच आहे. पण माझ्या सुनेपाशी ही होती. म्हणून हे लुगडं हिचं."

मी सांगितलं. कसं सांगितलं, देव जाणे. मला रडू आवरत नव्हतं आणि रडताना भाषा आणखीच कमी पडते.

बानाचोलानं लुगडं मांडीवर घेतलं. काठ चाचपला, पदर उलगडून बघितला, पुन्हा होता तसाच घडी केला. तिनं मामंजींचं सांत्वन केलं नाही, काही समजावलंही नाही. मग तिनं मला एक प्रश्न विचारला. सोपे शब्द निवडून विचारला, म्हणून मला कळला.

"मामंजी, ती म्हणते, मधूची आई हे कळलं. मीही चोलाची आईच. पण तिचं स्वतःचं नाव काय होतं?"

आमच्याकडे त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, तसं मामंजींच्या पिढीतले पुरुषही बायकोचं घेत नसत. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात 'मधूची आई' यापलीकडे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मधुकरला तरी ते नाव मावशीकडूनच कळलेलं.

मामंजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हौसा," ते म्हणाले.

"हौसा," बानाचोला म्हणाली आणि तिनं मान हलवली.

मधुकर गाडीपासून परत आला होता. त्याचे डोळे लाल होते. तो वडिलांच्या शेजारी, अगदी खेटून, धुळीत बसला. मामंजींनी त्याच्याकडे बघितलं नाही, पण आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि कुणी विचारलं नव्हतं तरी ते नाव त्यांनी पुन्हा एकदा घेतलं.